रडायला अंगण

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. पिंपरीतल्या एका छोट्या दवाखान्यात मी मुलाला इंजेक्शन द्यायला नेलं होतं. सुई दिसायच्या आधीच त्याने भोकाड पसरलं होतं. शेजारी एक बाई लहानग्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला, कुठे दार आपटलं, की त्या बाईचा तळवा आपोआप मुलीच्या तोंडावर जायचा.

“चहा सांडला,” असं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. मला मात्र, न विचारताच, हळूच म्हणाली, “ह्यांची तिसरी पाळी असती, ताई. दिवसा झोपत्यात. ही रडली, झोपमोड झाली, तर चहाचं भगुलंच फेकलं. माणूस वाईट न्हाई वो. मशीनवर डुलकी लागली तर बोटं जात्यात. गावाकडं पोरांना रडायला अंगण हुतं. हितं एकच खोली हाय.”

तेवढ्यात नर्सने त्यांना समोरच्याच टेबलापाशी बोलावलं. जखमेला चिकटलेली पट्टी तिने ओढून काढली. मुलगी रडली नाही. तिला धरण्यात आईचे दोन्ही हात गुंतले होते. मग मुलीनेच आपला चांगला हात उचलला आणि स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.

“बघ, किती शहाणी आहे ती!” नर्स माझ्या मुलाला म्हणाली.

मी त्याला पोटाशी धरलं. “रड बाळा,” म्हटलं, “हवं तेवढं रड.”