काडीचा अंबाडा

लग्नाला दीड वर्ष झालं असेल. पंचगंगेच्या घाटावर धुणं धुताना माझी बायको पाय घसरून पडली आणि तिचा उजवा कोपर मोडला. हाड बसवणाऱ्यानं कांब्या लावून हात दीड महिना बांधून ठेवला. सोडला तेव्हा तो नीट सरळ होईना आणि वरही जाईना. घास तोंडाशी यायचा, पीठ मळता यायचं, पण हात कानाच्या वर जायचा नाही. आणि तिचे केस तर कमरेच्या खाली चांगले वीतभर.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि आम्ही शाहूपुरीत दोन खोल्यांत राहायचो. सुरुवातीला शेजारच्या काकू तिची वेणी घालून द्यायच्या. पण त्यांना त्यांचं घर होतं. कधी आठला यायच्या, कधी अकराला. तोवर ही केस मोकळे टाकून आतल्या खोलीत बसून राहायची. तशा केसांनी दारात जाणं तिच्या माहेरी, कुरुंदवाडला, कुणी खपवून घेतलं नसतं. दूधवाला आला तरी भांडं घेऊन मीच जायचो. पुढं काकू मुलाकडं सांगलीला कायमच्या राहायला गेल्या. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, तुम्हीच बांधून बघता का?"

मी दार लावलं, खिडकीही लावली, आणि मग फणी हातात घेतली.

माझ्या हातची वेणी तिरकी व्हायची. अंबाडा घातला तर आकडे टिकायचे नाहीत. चुलीपुढं वाकली की ते एकेक करून गळायचे आणि सगळा भार मानेवर यायचा. ती तक्रार करायची नाही. डाव्या हातानं आकडे वेचायची आणि माझ्यापुढं धरायची.

एका रविवारी बाजारात दोरखंड विकणारी एक बाई दिसली. पन्नाशीची, कानडी मुलखालगतच्या गावची असावी, बोलण्यात तसा हेल होता. तिच्या डोक्यावर भलामोठा अंबाडा होता आणि त्यात आडवी एकच लाकडी काडी. ती वाकत होती, दोराची भेंडोळी उचलून आपटत होती, आणि अंबाडा जागचा हलत नव्हता. मी दोनदा तिच्यापुढून गेलो. तिसऱ्यांदा तिनंच हटकलं.

"किती हात पायजे, पावणं?"

"दोर नको," मी आवाज खाली आणून म्हणालो. "तुमच्या डोक्यात ती काडी आहे ना, ती कशी लावता?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "लावायची कुणाला? तुमास्नी?"

शेजारचा कांदेवाला हसला. माझे कान तापले. "बायकोला," मी म्हणालो. "हात मोडलाय तिचा."

"मग तसं सांगा की!" तिनं घायपाताच्या वाखाची एक लांब जुडी ओढली, वरचं टोक गुडघ्यात धरलं आणि मला खाली बसवलं. "पिळा. आता गुंडाळा. न्हाय, येवढं आवळू नगासा, तिला डोस्कं हाय खाली."

जुडी गुंडाळून झाली. मग तिनं आपल्या डोक्यातली काडी न काढता दुसरी एक काडी घेऊन दाखवलं. काडीच्या टोकावर अंबाड्याच्या कडेचे थोडे केस घ्यायचे, काडी उलटी फिरवायची आणि डोक्याला लागून अंबाड्याखालनं पलीकडं सारायची. माझ्याकडनं तिनं ते तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा तिनं जुडी धरून गदागदा हलवली. ती सुटली नाही.

"आलं की!" ती म्हणाली. मी आभारही धड मानले नाहीत. शाळेतलं कुणी बघत नाही ना, एवढं बघून निघालो.

घरी येऊन बाभळीची काडी काचेच्या तुकड्यानं तासली, खोबरेल चोळून गुळगुळीत केली. आठवडाभर अंबाडा सुटत राहिला. मग एका सकाळी तो बसला. तिनं मान हलवून बघितली, वाकून बघितलं. तेवढ्यात दूधवाल्यानं हाक दिली, तर भांडं घेऊन तीच दारात गेली. परत आली तेव्हा हसत होती. तेव्हापासून रोज सकाळी शाळेआधी मी तिचा अंबाडा घालायचो. मला ते आवडायला लागलं होतं. पण दार रोज लावूनच घेत होतो.

चैत्रात हेडमास्तरांच्या घरी हळदीकुंकू होतं. आत बायका, बाहेरच्या सोप्यात आम्ही चार-पाच मास्तर पन्हं पीत बसलो होतो. मधल्या दाराला पडदा होता, तो अर्धा सरकलेला. हेडमास्तरांच्या पत्नीचा आवाज आला, "किती नेटका अंबाडा गं! तुझा हात तर वर जात नाही. कोण घालतं?"

"हेच घालतात की," माझी बायको म्हणाली. आवाजात कौतुक होतं.

आत हशा पिकला. बाहेरही सगळ्यांनी ऐकलं. ड्रॉइंग मास्तरांनी पेला खाली ठेवला. "काय राव, सकाळी बायकोची वेणीफणी करून मग शाळेला येता व्हय? तरीच उशीर होतोय!" हेडमास्तर नुसते हसले. ते हसणं मला सोसलं नाही.

मी पडद्याकडं तोंड करून मोठ्यांदा म्हणालो, "काहीतरीच काय सांगतेस! शेजारच्या काकू घालतात, म्हणून सांग ना."

मग तिचा आवाज आला. "हो. काकूच घालतात. मी थट्टा केली."

"अगं, पण त्या तर कधीच्या सांगलीला गेल्या ना?" हेडमास्तरांच्या पत्नीनं विचारलं. त्यांनी ते सहज विचारलं होतं.

"जाताना मला शिकवून गेल्या."

"म्हणजे डाव्या हातानं घालतेस? मग दाखव की आम्हाला!" कुठल्याशा तरुण मुलीनं म्हटलं, आणि ही नको म्हणायच्या आत मागून काडी उपसली.

पडद्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. केस सुटून पाठीवर आले. तिनं डाव्या हातानं ते गोळा केले, पिळायचा प्रयत्न केला, ते पुन्हा सुटले. उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. सगळ्या बायका बघत होत्या. कपाळाला हळदीकुंकू लावलेलं, ओटीतले हरभरे खाली सांडलेले, आणि केस मोकळे. मला तो अंबाडा बांधायला पाव मिनिट लागलं असतं. मी पन्ह्याचा पेला घट्ट धरून बसून राहिलो. शेवटी हेडमास्तरांच्या पत्नीनंच पुढं होऊन त्या केसांची कशीबशी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार लावायला गेलो, तर ती म्हणाली, "राहू दे. मी बघते."

मग तिनं स्वतःच शिकायला घेतलं. भिंतीला डोकं टेकून खाली बसायची, केस भिंत आणि डोकं यांच्यामध्ये दाबून धरायची आणि डाव्या हातानं काडी फिरवायची. काडी पडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू यायचा. कधी दहा-दहा वेळा. एकदा न राहवून मी दारातून म्हणालो, "आधी उलटी फिरव." ती थांबली. मी तिथून जाईपर्यंत काडी मांडीवर ठेवून बसून राहिली. श्रावण संपेस्तोवर तिला येऊ लागलं. अंबाडा माझ्या हातच्यापेक्षा चांगला यायचा, जरा डावीकडं कललेला.

पुढच्या चैत्रात पुन्हा बोलावणं आलं. ती एकटी गेली. परत आल्यावर ओटीतले हरभरे ताटात ओतत होती, तेव्हा मी विचारलं, "कुणी काही विचारलं?"

"विचारलं. मी घातला म्हणून सांगितलं."

वर्षभर तोंडात घोळवलेलं वाक्य मी मग कसंतरी बोललो. "गेल्या वर्षी माझं चुकलं."

ती ताटातले हरभरे निवडत राहिली. "चारचौघांत थट्टा झाली, तुम्ही लाजलात, ते मला कळतं," ती म्हणाली. "पण मी केस घेऊन उभी होते ना, तेव्हा पडद्यातनं तुम्ही दिसत होता मला. मला वाटलं, आता उठतील."

फट दोन्ही बाजूंनी असते, हे वर्षभरात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिला बघत होतो, एवढंच मला माहीत होतं. तिनं हरभरे पातेल्यात घातले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाणी आणून द्या, उसळीला शिजत घालायचेत." मी उठून पाणी आणायला गेलो.