वहिनीचा बुधवार

चैत्रात एका बुधवारी माझी बायको गेली.

त्याआधी तीन वर्षं आम्ही आठ जण कोल्हापूरला जायचं ठरवत होतो, फक्त जेवायला. ठरवणारा माझा मित्र, डिचोलीच्या बाजारात पंख्यांच्या मोटरी गुंडाळणारा. तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना तो बोलत नसे. उत्तर यायचं ते वेढे पुरे झाल्यावर. तोवर विचारणारा प्रश्न विसरलेला असे.

दुकानातल्या कॅलेंडरवर तो आमचे शिवराक वार खोडायचा. मांसमच्छी न खाण्याचा ज्याचा त्याचा वार ठरलेला, आणि मटणासाठी निघालेल्या सहलीत कुणी नुसता डाळभात जेवू नये, हा त्याचा हट्ट. सातही वार खोडले गेले. बुधवार माझ्या बायकोचा. माझ्या आजारपणात तिने तो धरला होता.

"भाऊजी, आठवा वार शोधा आता," ती त्याला म्हणायची. पांढरा रस्सा तिला एकदा चाखायचा होता.

तेरावं झाल्यावर मी दुकानात गेलो. आमच्यातलाच एक जण चाचरत म्हणाला, "आता बुधवार मोकळो झालो न्हय?"

तो वेढे मोजत राहिला. मग तार कापून म्हणाला, "बुधवार वहिनीचो." उठून त्याने कॅलेंडर काढलं आणि गुंडाळी करून माझ्या हातात दिलं.

सहल कधी गेलीच नाही. कॅलेंडर माझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि बुधवारी मी एकटा शिवराक जेवतो.