टायरांचा वाटा

पंक्चरच्या दुकानात गिऱ्हाईक थांबतं, आणि थांबलेला माणूस बोलतो. चाकात हवा भरायची आणि माणसातली काढायची, हा माझा विरारातला धंदा. शाळा चौथीत सोडली, त्यामुळे डोक्यात जागा भरपूर. ऐकलेलं, पाहिलेलं, स्वतः केलेलं सगळं तिथं पडून आहे. आज मोटारसायकलींच्या शर्यतींचं काढतो.

दुसरी मोठी लढाई संपली आणि लष्कराच्या मोडीतल्या मोटारसायकली बाजारात आल्या. आमच्याकडच्या पैसेवाल्यांनी त्या घेतल्या. पण चालवायला कंबर कुणाकडे होती? म्हणून पगारी गडी ठेवले. ओहोटीला कळंबच्या किनाऱ्यावर वाळू टणक होते, तिथं शर्यत. गाडी मालकाची, हाडं गड्याची!

टायर मात्र सगळे एकाच माणसाच्या हातून यायचे. टायर तेव्हा सरकारी परमिटवर मिळायचे, आणि परमिट बाबूशेटचं. आणि बाबूशेटची स्वतःचीही गाडी शर्यतीत पळायची, तिच्यावर त्यांचा सख्खा भाचा अरविंद. नवी जोडी आली की अरविंदला. अरविंदची उतरलेली दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. थोरल्याची चड्डी धाकट्याला मिळते ना, तशी. भुईगावचा गडी बस्त्याव हा या टायरांच्या घरातला सगळ्यात धाकटा. त्याच्यापर्यंत टायर यायचा तेव्हा टायरात टायर कमी आणि माझी ठिगळं जास्त.

मी एकदा बाबूशेटना म्हटलं, हा न्याय कुठला? ते म्हणाले, "टायर सगळ्यांना मिळतो की नाही? मग झालं. आज नाही तर उद्या."

*

बस्त्याव भला माणूस, पण हरला की एकच पालुपद. टायर सारखे असते तर दाखवलं असतं. घरी तेच, बाजारात तेच, माझ्या दुकानात तर रोजच. शेवटी तो फादरकडे गेला. विचारलं, दुसऱ्याचा टायर फुटावा म्हणून प्रार्थना केली तर पाप लागतं का?

फादर म्हणाले, "लागतं. त्यापेक्षा स्वतःला नवा मिळावा म्हणून कर."

"ती करून झाली, फादर. वरही परमिट लागतं वाटतं."

*

आता माझी करामत. नवा टायर त्या काळी कागदाच्या पट्टीत गुंडाळून यायचा. एका शर्यतीच्या आदल्या दिवशी बाबूशेटनी जोडी माझ्या दुकानात ठेवली. मी कागद अलगद सोडवला, बस्त्यावच्या ठिगळांच्या जोडीवर गुंडाळला आणि नव्या जोडीला चिखल फासला. सकाळी शेट आले. कागदावरून हात फिरवला, जोडी कौतुकानं भाच्याच्या हातात दिली. चिखलवाली जोडी पायानं बस्त्यावकडे सरकवली.

अरविंदनं कागद उलगडला. ठिगळं पाहिली. माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. पोरगा मामाकडे जाईल आणि माझी कानशिलं लाल होतील, या तयारीत मी होतो. त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि गपचूप टायर चढवले.

आणि जिंकला! बस्त्याव चिखलाखालच्या कोऱ्या टायरांवर दुसरा. आपल्याला काय मिळालंय ते त्यानं धुवून पाहिलंच नव्हतं. शर्यत संपल्यावर पालुपद तेच. चांगली करामत अशी सांगून वाया घालवू नये.

*

बस्त्यावचे मालक दामूअण्णा, वसईचे केळीवाले. त्यांचा धीर सुटला. पुढची कळंबची शर्यत जिंकलास तर गाडी तुझी, नाहीतर दुसरा गडी बघतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. बस्त्यावचं तोंड उतरलं. घरची वाडी दोघा थोरल्या भावांत वाटलेली. मोटारसायकल चालवणं सोडून त्याला दुसरं काही येतही नव्हतं आणि आवडतही नव्हतं.

मग मी बाकीच्या तिघा गाडीमालकांच्या कानाला लागलो. चांगला चावलो. टायर असेच वाटणार असाल तर आमच्या गाड्या पळणार नाहीत, असं तिघांनी बाबूशेटना सांगितलं. पण मग वाटायचे कसे? भांडण किनाऱ्यावरच सुरू झालं. तिथं हिराबाई जाळ्यातल्या मासळीचे वाटे घालत होती. तिचा हात सगळं कळंब मानायचं. ती म्हणाली, मासली वाटता येते, मग रबर का नाय?

वाळूत टायरांच्या जोड्या मांडल्या, नव्यापासून फाटक्यापर्यंत. हिराबाई त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. एकानं वाट्यावर काठी ठेवून विचारायचं, ह्यो कोनाचा? तिनं न बघता नाव घ्यायचं. काठी मी उचलली तर सगळेच ओरडले. गावात माझी पत ती एवढी. शेवटी काठी अरविंदकडे दिली.

बाबूशेट कुरकुरले, "अगं, पण हे वाटे सारखे कुठं आहेत?"

हिराबाई मान न वळवता म्हणाली, "सारखे असते तं पाठ कशाला फिरवली असती, शेट?"

अरविंदनं पहिली काठी कोऱ्या जोडीवरच ठेवली. "ह्यो कोनाचा?"

"बस्त्यावचा."

शेवटचा वाटा ठिगळांचा उरला. तो अरविंदचा.

*

शर्यत झाली. बस्त्याव जिंकला. ठिगळांवरच्या अरविंदच्या पुढं जेमतेम एका चाकानं, पण जिंकला. भुईगावच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, दामूअण्णांनी केळ्यांचा घड वाटला. बस्त्यावनं केळं हातात धरलं ते धरलंच.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या वखारीत हातगाडीचं चाक बसवत होतो. बस्त्याव मोटारसायकल ढकलत आला. चालवत नाही, ढकलत. दारात उभी केली आणि म्हणाला, गाडी अरविंदला द्या.

अण्णांना वाटलं, मीच काहीतरी शिकवून पाठवलंय. त्यांनी आधी मला दोन शिव्या घातल्या. मी आईची शपथ घेतली. मग ते बस्त्यावला समजावत राहिले, की बोली बोली असते, जिंकलास, गाडी तुझी. तो नाही म्हणून मान हलवत होता. बऱ्याच वेळानं अण्णांनी हँडल आपल्या हातात घेतलं.

"वर्षभर टायर टायर करत होतास. आता टायर मिळाले, जिंकलासही. मग अरविंद तुझ्यापेक्षा बरा, हे तुला सांगितलं कुणी?"

बस्त्यावनं सीटवरची वाळू हातानं झटकली.

"वर्षभर मी त्याच्या मागं होतो, अण्णा. मागून नुसता टायर दिसतो. काल तो माझ्या मागं होता."