पदराच्या गाठीतले चिंचोके

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळ नाही, धारला माहेरी गेले तेव्हा आईजवळही नाही. रेवाच्या एका जुन्या वहीची मागची पानं कोरी सापडली, त्यांवर लिहिते आहे. अक्षर चौथीतलंच आहे, पुढे शाळा झाली नाही. तेही सांगायला हवं, कारण त्या चौथीच्याच आड मी लपले होते. पण आधी खेळाचं सांगते. ते सांगायला बरं वाटतं.

रेवा माझ्या धाकट्या जावेची मुलगी. देवासच्या घरात आम्ही दोघी जावा, आणि मूल एकच. शुभा, माझी जाऊ, बी.एस्सी. झालेली, शाळेत शिकवायला जायची. रेवाची शाळा वेगळी. तिला सोडणं-आणणं, जेवू घालणं माझ्याकडे. ती मला मोठी आई म्हणायची.

दुसरीत होती. आकड्यांना भ्यायची. शुभा वही घेऊन बसली की पोरीचं पोट दुखायचं – खरंच दुखायचं, नाटक नव्हे. हातचा कुठून घ्यायचा, कुठे ठेवायचा, तिला कळेना. आणि खरं सांगू? मलाही तो कधी नीट कळला नव्हता.

मला येत होता तो अष्टाचंगा. धारच्या आमच्या अंगणात चिंच होती, तिचे चिंचोके मी सासरी येताना आणले होते. चिंचोका फोडला की एक बाजू काळी, एक पांढरी. अशा चार फाका म्हणजे झाले फासे. दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं पाच गुणिले पाच घरं आखायची, सोंगट्यांना बांगड्यांचे तुकडे. चारही पांढऱ्या पडल्या तर चंगा, म्हणजे चार घरं. चारही काळ्या तर अष्टा, आठ.

रेवा बोट लावून एकेक घर मोजायची. मग मी नियम केला – बोट लावायचं नाही. आधी सांगायचं कुठे पडशील, मग सोंगटी हलवायची. चुकलं तर डाव गेला. पहिले काही दिवस सगळे डाव तिचेच गेले. "एक चान्स और, मोठी आई," म्हणून माझ्या गळ्यात पडायची. महिन्याभरात फाका फेकायच्या आधीच तिचं सुरू – घरी जायला सात पाहिजेत, तीन पडले, आता फक्त चंगा दे रे देवा. आणि फाकांवर फुंकर.

शाळा सुटल्यावर घरी जायला सवारीच्या टेम्पोची वाट बघतानाही खेळ चालायचा. मोजून सतरा अख्खे चिंचोके मी पदराच्या गाठीत बांधून नेत असे. काही मुठीत झाकायचे, बाकीचे दाखवायचे. ती उघड्या हातावर नजर टाकून म्हणे, आठ दिसतात, मग मुठीत नऊ. मी मूठ उघडेपर्यंत तिचं लक्ष बोरवालीकडे गेलेलं असे.

शुभाला आम्ही सांगितलं नव्हतं. ती एकदा म्हणाली होती, अगदी गोड शब्दांत, की ताई, खेळांतून शिकवलं की पाया कच्चा राहतो, तिला रीतच शिकू दे. म्हणून शुभा यायच्या आधी फरशी पुसून टाकायची. ओला फडका रेवाच फिरवायची. किती हौसेनं!

मग सहामाहीचा पेपर झाला. रेवाची सगळी उत्तरं बरोबर आली, आणि कुठेही रीत नाही. नुसते आकडे. मॅडमना वाटलं, शेजारणीचं पाहून लिहिलं. घरच्यांना बोलावलं. शुभा मलाही घेऊन गेली.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी रेवाला फळ्यापाशी उभं केलं, एक वजाबाकी मांडून दिली. ती तशीच उभी. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "ये कह रही है, बड़ी मम्मी ने खेल-खेल में सिखाया. आपने सिखाया है?"

रेवा माझ्या पदराकडे पाहत होती. गाठ तिथेच होती. सोडायची, मूठ झाकायची, विचारायचं – कितीसा वेळ लागला असता? शुभा माझ्याकडे पाहत होती. एवढ्या शिकलेल्या बायकांपुढे मी चिंचोके काढू?

"नहीं मॅडम," मी म्हणाले. "मैं तो चौथी पास हूँ. मैं क्या सिखाऊँगी."

कुणालाही नवल वाटलं नाही. सगळ्यांना लगेच पटलं.

पेपरला शून्य मिळालं. शिवाय पन्नास वेळा लिहून आणायचं होतं – मैं झूठ नहीं बोलूँगी. ती स्वयंपाकघरात त्याच फरशीवर पालथी पडून लिहीत होती. मी दूध दिलं. तिनं वर न पाहता विचारलं, "आपण खेळलो होतो ना, मोठी आई?"

मी म्हणाले, "खेळ वेगळा, बाळा. गणित वेगळं."

शाळेत मी घाबरले, असं म्हणता येईल. पण इथे? घरात आम्ही दोघीच होतो. इथे मी कुणाला भ्याले?

त्यानंतर तिनं कधी फरशी आखायला सांगितली नाही. चिंचोके डब्यात राहिले, त्यांना कीड लागली, मी टाकून दिले. सोडता आलं तेव्हा तिनं गणितही सोडलं. तिचं वाटोळं झालं असं नाही. इंदूरला असते, नोकरी आहे, सुखी आहे. पण कुठेही आकडे आले की हसून नवऱ्याकडे सरकवते – माझं गणित पहिल्यापासूनच कच्चं.

यंदा नवरात्रात टेकडीवर देवीच्या दर्शनाला आली, पाच वर्षांच्या लेकीला घेऊन. लेकीच्या शाळेतून सूचना आली होती, अंक पक्के व्हायला मुलांशी घरी खेळ खेळा. म्हणून बाजारातून रंगीत पट आणला होता. फरशीवर तो मांडता मांडता रेवा शुभाला म्हणाली, "आई, लहानपणी मला अगदी पक्कं वाटायचं, मोठी आईनंच मला गणित शिकवलं म्हणून. काय काय मनानं रचायचे मी."

शुभा हसली. मीही हसले.

पोर बोट लावून एकेक घर मोजायला लागली. रेवानं तिचं बोट अलगद उचललं. "असं नाही. आधी सांग, कुठे पडशील."

हा नियम त्या पटाच्या डब्यावर नव्हता. मला डब्यावरचं वाचता येतं, मी वाचून पाहिलं.

मग मी उठून चहा ठेवला.

रेवा खोटं बोलली नव्हती. मी शिकवलं होतं.