एकेक बिट सरकवत

बाळापूरजवळ आमचं वावर आहे. बाबा तिथे वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावतात. मी अमरावतीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माझ्याच आग्रहाने बाबांनी मातीतली ओल मोजणारे खांब घेतले होते. खांब रेडिओवरून आकडे पाठवायचे आणि घरातला डबा ते मोबाइलवरच्या ॲपमध्ये दाखवायचा. मग कंपनीने ते ॲपच बंद केलं. खांब पाठवतच होते, पण ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

मी कंपनीत फोन केला.

"मॅडम, नवा संच घ्या. जुना आता भंगार," पलीकडचा माणूस म्हणाला.

"खांब चांगले आहेत. ते आकडे कसे पाठवतात, तेवढं सांगा."

"ते आम्ही सांगत नाही. आणि तुम्हाला ते जमणारही नाही."

उन्हाळ्याची सुट्टी लागताच मी घरी आले. लॅपटॉपला छोटा रेडिओ जोडून खांबांचा सिग्नल रेकॉर्ड केला. एक खांब उघडून आतल्या चिपचा नंबर पाहिला. तिची माहितीपुस्तिका नेटवर मिळाली. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला शून्य आणि एकची एक ठरलेली ओळ असते, असं तिच्यात होतं. ती ओळ मी सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये शोधली. एकदाही सापडली नाही.

"कावून डोकं फोडून राहिली वं?" बाबा म्हणाले. "मातीत हात घातला का मले समजते ओल."

"तुमाले समजते, बाबा. पण मले जमणार नाही म्हणणारा तो कोण?"

बाबा माझ्यापुढे चहा ठेवून गेले.

चूक माझ्या शोधण्यातच होती. माझा प्रोग्राम आठ-आठ बिटांचे, म्हणजे शून्य-एकांचे, गठ्ठे करून पाहत होता. पण मी ऐकायला कधी बसले, हे खांबाला काय माहीत? त्याचा संदेश गठ्ठ्याच्या मधूनच कुठूनही सुरू होत असणार. मग मी गठ्ठे सोडले आणि एकेक बिट सरकवत प्रत्येक जागी ती ओळ ताडून पाहिली.

आता ती जागोजागी दिसू लागली. त्यातल्या बऱ्याच जागा योगायोगाने जुळलेल्या होत्या. संदेशाच्या शेवटी पडताळणीचा आकडा असतो. तो जिथे जुळला, तेवढेच संदेश मी ठेवले. ते खरे आहेत का, हे पाहायला मी वावरात फोन लावला.

"बाबा, विहिरीजवळच्या खांबापाशी पाणी सोडा."

"सोडलं. काय दिसून राहिलं?"

बाकीचे आकडे जागेवर होते. एकच हळूहळू चढत होता.

"चढून राहिला, बाबा."

"मंग बंद करू मोटर?"

"नाही. अजून चालू द्या."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीतल्या त्याच माणसाला कळवलं.

"असं तुम्हाला करता येत नाही," तो म्हणाला.

"झालंय करून. वावर आमचं, खांब आम्ही विकत घेतलेले, ओल आमच्या मातीतली."

साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. त्याचा फोन काही आला नाही. मी तो प्रोग्राम, मराठीतून समजावून, कोणालाही फुकट घेता येईल असा नेटवर टाकला.

परवा दर्यापूरहून एका सोयाबीनवाल्याचा फोन आला. त्याच्या वावरातही तेच खांब होते.

"ताई, मी हे वापरलं तर कंपनी काही करन का?"

"करू द्या," मी म्हणाले, आणि त्याला त्याच्या खांबांचं रेकॉर्डिंग पाठवायला सांगितलं.