बसमधून निवडलेलं रान

भोकरदनहून धावड्याला जाणाऱ्या एसटीत मी कितीतरी वर्षं रोज शेत घेतलं. खिडकीजवळची जागा मिळाली की झालं. एखादा तुकडा नजरेत भरायचा. मग कोपऱ्यात विहीर, बांधावर शेवगा, मधे तूर, कडेला मिरच्या अशी मांडणी सुरू व्हायची. पुढच्या थांब्यावर याहून सरस तुकडा दिसला, की आधीचा मी बेधडक सोडून द्यायचे. मी शाळेत बाई होते, पगाराच्या पलीकडे काही नव्हतं. पण माझ्या शेतात दुकानातल्या खताची गोणी येणार नाही, हे मात्र पक्कं ठरलेलं. याला सेंद्रिय शेती म्हणतात हे फार उशिरा कळलं.

नवरा त्याच शाळेत मास्तर. संध्याकाळी चहा पिताना विचारायचा, "काय मालकीणबाई, आज कुठं पेरणी?" मी चिडायचे, आणि कुठं ते सांगायचेही.

या वेडाच्या मुळाशी राग होता. माझ्या बानं जन्मभर मेंढरं राखली; जमीन आम्हाला नव्हतीच. उन्हाळ्यात शेतकरी त्याचा कळप आपल्या रानात बसवून घ्यायचे. कळप जिथं मुक्काम करील तिथली जमीन लेंड्यांच्या खतानं कसदार होते, दुसऱ्या दिवशी पुढची जागा. बदल्यात धान्य मिळायचं. ते घ्यायला बा ओट्याखाली उभा राहायचा, आणि वरून हाक यायची, "ए मेंढक्या!" पावसाळ्यात त्याच रानात बाजरी उभी राहिली की मला रडू यायचं. आमच्या मेंढरांनी पिकवलेलं, आणि त्यात आमचं काहीच नाही. बा हयात असताना त्याला स्वतःच्या रानात बसलेला बघायचा, एवढीच माझी हौस होती.

नव्वदचं दशक सरता सरता, दोघांच्या पगारातून साठवून, दीड एकर आमच्या नावावर झालं. मुरमाड, उताराचं. बसमधून मी ते एकदाही निवडलं नव्हतं. शेजारचं रान बाला ओट्याखाली उभं करणाऱ्यांपैकीच एका मालकांचं निघालं.

बानं तोवर मेंढरं पुतण्याच्या हवाली केली होती. बा आमच्याकडे राहायला आला, आणि मी पुस्तकं वाचून शेतीला लागले. गावातल्या उकिरड्यांवरचं शेण गोळा करून पेरणीच्या तोंडावर रानभर पसरलं. शेण अर्धं कच्चं होतं. त्यात हुमणीच्या अळ्या झाल्या आणि त्यांनी भुईमुगाची मुळं कुरतडली. हात लावला की वेल अलगद हातात यायचा.

मालक बांधावरून म्हणाले, "बाई, गोणीबिगर काय बी येत न्हाई. हे काय शाळंतलं काम हाय का?"

घरी येऊन मी बाला विचारलं, "तुला दिसत होतं ना? मग बोलला का नाहीस?"

"तू कुठं इचारलं, माय? तू पुस्तक वाचून राह्यली होतीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या मेंढरांनी आसपासची गावं पिकवली, त्याला मी शेतीतलं काही कळत असेल असं धरलंच नव्हतं. मीसुद्धा त्याला मेंढक्याच समजत होते.

त्या उन्हाळ्यात बानं पुतण्याचा कळप आणवला. कळप कुठं बसवायचा, दुसऱ्या दिवशी किती सरकवायचा, हे तो काठीनं रेघ मारून सांगायचा. एक कोपरा सुटला तर पुतण्याला फैलावर घ्यायचा. लेंड्या उन्हात वाळून न जाता मातीत मिसळाव्यात म्हणून मागोमाग वखर फिरवायला लावला. मी पुस्तकं कपाटात ठेवली आणि त्याच्या मागं मागं फिरले.

पाऊस बेताचाच झाला. तरी बाजरी अशी आली की बा आत शिरला की दिसायचा नाही. कणीस माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, कोणती गोणी टाकली? नवरा शाळा सुटल्यावर बाकीच्या मास्तरांना आणून दाखवायचा, जणू ती त्यानंच पेरली होती. माझी तर छाती फुगून फुटायची वेळ आली होती.

कापणीच्या आधी एका सकाळी मालक आले. बा बांधावर तंबाखू मळत बसला होता. मालकांनी एक कणीस हातात धरलं, दाबून पाहिलं, सोडलं.

"आबा," ते म्हणाले, "येत्या उन्हाळ्यात मेंढरं आमच्या रानात बसवताल का?"

बा उठला नाही. आजवर त्यानं असल्या बोलावण्याला कधी नाही म्हटलं नव्हतं; आताही आमचं रान सोडून आधी त्यांच्याकडे जातो की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. त्यानं तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले.

"बसवू की, मालक. पण आधी आमचं रान होऊ द्या, मंग तुमचं."

"बराबर हाय," मालक म्हणाले, आणि धोतर सावरून बाच्या शेजारी बांधावर टेकले.