हायब्रिड आणि मस्कतचे तीस महिने

झुबेदाभाभींनी बुकिंग फॉर्मवर सही करायला पेन उचललं आणि परत टेबलावर ठेवलं.

"भाऊ, आधी मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "ही गाडी खरंच पैसे वाचवते का?"

त्यांचा फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. व्हिडिओ कॉलवर त्यांचे नवरे, इक्बालभाई. मस्कतमध्ये एसी मेंटेनन्सच्या कामावर, एकवीस वर्षं. वर्षातून एकदा महिनाभर घरी येणार. भाभी म्हसळ्याहून एकट्याच गाडी चालवत आमच्या अलिबागच्या शोरूमला आल्या होत्या. मी तिथे सेल्सला होतो. महिनाअखेर होती. टार्गेटला एक गाडी कमी होती आणि मॅनेजर सावंत सर काचेच्या केबिनमधून आमच्याकडेच बघत होते.

"अर्ध्या पेट्रोलात चालते म्हणतात," फोनवरून इक्बालभाई म्हणाले. "म्हात्रेभाऊ, तुम्हीच समजवा हिला."

मी समजावलं. हायब्रिडमध्ये पेट्रोलचं इंजिन असतंच, जोडीला बॅटरीवरची मोटर. ब्रेक मारला की एरवी जो जोर फुकट जातो, तो बॅटरीत साठतो. बाजारातून हळू जाताना गाडी त्यावर चालते. घरी चार्जिंगला लावावी लागत नाही.

"ते कळलं," भाभी म्हणाल्या. "आता हिशोब."

मी रनिंग विचारलं, म्हणजे महिन्याला गाडी किती किलोमीटर चालते.

"सासूबाईंना आठवड्यातून दोनदा माणगावला दवाखान्यात नेते. बाकी बाजारहाट, कुणाचं लग्न. आठशे धरा."

आमच्याकडे गिऱ्हाइकाला दाखवायचा एक छापील तक्ता होता. त्यात रनिंग दोन हजार धरलेलं. त्या रनिंगला हायब्रिड फार गोड दिसते. तो मी ड्रॉवरमध्येच ठेवला. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. बाई इतकं सरळ आठशे म्हणाल्या, म्हणून असेल.

कोऱ्या कागदावर मांडलं. त्यांची जुनी गाडी अकरा वर्षांची, लिटरला साडेबारा देणारी. हायब्रिड बावीस देईल. पेट्रोलचे महिन्याला साधारण एकोणतीसशे वाचतील. वर्षाला पस्तीस हजार. नवी गाडी ऑन-रोड, म्हणजे टॅक्स, विमा सगळं धरून, वीस लाख. जुनीचे एक्स्चेंजमध्ये दोन. वरचे अठरा लाख पेट्रोलमधून वसूल व्हायला एक्कावन्न वर्षं.

तेवढ्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तक्ता का नाही दाखवला?"

"सर, त्यांचं रनिंग आठशेच आहे."

"अरे, पेट्रोल वाचवायला गाडी कोण घेतं? सेफ्टी सांग, एअरबॅग सांग. नवरा घ्यायला तयार आहे ना?"

सर चुकीचं बोलत नव्हते. मी परत आलो तेव्हा इक्बालभाई तेच सांगत होते.

"वसूल नाही झाली तर नाही झाली. तुझ्या गाडीचा आवाज मला इथे फोनवर ऐकू येतो. घाटात बंद पडली, सोबत अम्मी असली, तर? मी तिथे नसतो, झुबेदा. गाडी तरी चांगली असू दे."

एवढ्या वर्षांच्या सेल्समध्ये मला एक कळलंय, असं वाक्य आलं की सौदा झाला. मी फॉर्म पुढे सरकवला.

भाभींनी तो वाचायला घेतला नाही. मलाच विचारलं, "भाऊ, यांच्या हातात महिन्याचे साठ हजार शिल्लक पडतात. अठरा लाखांना किती महिने?"

"तीस."

"म्हणजे अडीच वर्षं." मग त्या फोनकडे वळल्या. "तुम्ही पुढच्या रमजानला कायमचे येतो म्हणालात."

 फोनमध्ये इक्बालभाईंच्या मागून कोणीतरी हाक मारली, पण ते हलले नाहीत.

"आवाज सस्पेन्शनचा आहे," भाभी म्हणाल्या. "तो दुरुस्त होतो. घाटात बंद पडली तर कुणीतरी थांबतं. पण अम्मी रोज संध्याकाळी विचारते, इक्बाल आला का. तिला मी काय दाखवू, गाडी?"

"बरं," इक्बालभाई म्हणाले. "राहू दे मग."

फॉर्म मी परत घेतला. जुन्या गाडीत काय काय करून घ्यायचं त्याची यादी लिहून दिली: सस्पेन्शन, क्लच, टायर, एसी. सत्तर-ऐंशी हजारांचं काम, पुढची चार वर्षं आरामात निघतील. त्या महिन्याचं टार्गेट हुकलं. सर आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

इक्बालभाई रमजानला आले नाहीत. कंपनीनं बदली माणूस मिळेपर्यंत सोडलं नाही. ते आले तेव्हा पावसाळा संपत आला होता आणि त्यांच्या अम्मी त्याच्या दीड महिना आधीच वारल्या होत्या.

हे मला त्यांनीच सांगितलं. दिवाळीच्या सुमारास दोघं शोरूमला आले. भाभी गाडी चालवत होत्या, ते शेजारी बसले होते. "मला अजून इथले रस्ते उमगत नाहीत," ते म्हणाले. मी हायब्रिडची टेस्ट ड्राइव्ह दिली. समुद्राच्या रस्त्यानं दोन चकरा झाल्या. गाडी त्यांना फार आवडली. आवाज नसल्याचं त्यांनी तीनदा सांगितलं. घेतली मात्र नाही.

"ती गाडी तेव्हा घेतली असती," जाताना ते म्हणाले, "तर अजूनही तिकडेच असतो." मग गाडीकडे बघत, "आधीच उशीर केला."

 भाभी तोवर गाडीत जाऊन बसल्या होत्या.

आता हायब्रिड विचारायला कोणी आलं की रनिंगबरोबर मी आणखी एक विचारतो: हप्ते कोण भरणार, आणि ते कमावायला कुठे राहणार? सावंत सर म्हणतात, हा प्रश्न सेल्सवाल्यानं विचारायचा नसतो. त्यांचंही खरं आहे. या प्रश्नानं माझ्या तीन गाड्या गेल्या.